भाच्याच्या दंडावरचं नाव आणि आजींच्या हातावरची तुळस : गोंदण, टॅटू आणि ते काढायची भानगड

रामबागवाली

नमस्कार मंडळी, धागा लांबणार आहे हे आधीच सांगते, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे इंदूरला सध्या माझ्या बहिणीचा मुलगा राहायला आलाय, वय १९, अग्निवीरची तयारी करून राहिलाय. रोज पहाटे नेहरू स्टेडियमला धावायला जातो आणि येताना सगळ्यांसाठी पोहे-जिलबी आणतो म्हणून घरात एकदम लाडका. तर परवा अंघोळ करून तसाच उघडा बाहेर आला आणि मला दिसलं की उजव्या दंडावर चांगलं चार बोटं रुंद काहीतरी लिहिलंय. मुलीचं नाव. वळणदार इंग्रजी अक्षरात काळ्या रंगाने, वर लाल बदाम, बाजूने हिरवी पानं. बारावीत असताना एका टपरीवजा दुकानात काढून घेतलेलं, बहिणीला अजून पत्ता नाही (ती इथे वाचत नाही म्हणून लिहितेय). ती मुलगी आता पुण्याला शिकायला गेली, बोलणं बंद, आणि हा म्हणतो मावशी दंडावरचा टॅटू फौजेत चालत नाही, चार महिन्यांवर भरती आलीय, काहीतरी कर.

आमच्या आजेसासूबाई, वय ८६, बाजूलाच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांच्या हनुवटीवर तीन ठिपके आणि हातावर तुळस आहे, लग्न होऊन आले तेव्हापासून बघतेय. त्या म्हणाल्या, अरे गोंदलेलं कधी जातं होय? सोनं-नाणं सगळं इथे काढून ठेवायचं, वर बरोबर जातं ते गोंदणच. भाच्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तर विचारायचंय की खरंच पूर्ण जातं का, चार महिन्यांत होतं का, आणि कोणी स्वतः काढून घेतलं असेल तर अनुभव सांगा. बाकी गोंदणाबद्दल जुनं काही माहीत असेल तर तेही लिहा, आजींना वाचून दाखवते, त्यांना मजा वाटते.

पोहे_विथ_जीरावण

सोपा उपाय, त्याच नावाची दुसरी मुलगी शोधा. रामबागेत तीन तरी निघतील.

हलके घ्या. पण माझ्याही मनगटावर बायकोचं नाव आहे, लग्नाआधी काढलेलं. नाव पण टिकलं, बायको पण टिकली, फक्त मनगट जाड झाल्यामुळे नाव आता थोडं पसरट वाचता येतं.

निवृत्त_सुभेदार

ताई, भाचा बरोबर बोलतोय. सैन्याच्या भरतीत कोपराच्या आतल्या बाजूपासून मनगटापर्यंत, म्हणजे हाताच्या आतल्या भागावर, आणि तळहाताच्या मागच्या बाजूला कायमचा टॅटू चालतो. बाकी अंगावर कुठेही असला तर पुढच्या निवडीतून बाहेर. दंड त्यात बसत नाही. आदिवासी मुलांना त्यांच्या रूढीप्रमाणे चेहऱ्यावर किंवा अंगावर गोंदण असलं तर सूट आहे, ते प्रत्येक उमेदवाराचं बघून ठरवतात. अर्धसैनिक दलांचा नियम आणखी वेगळा आहे, तिथे डाव्या हाताच्या आतल्या बाजूचं चालतं कारण सलामी उजव्या हाताने देतात, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शापेक्षा कमी हवा.

पण माझं ऐकून बसू नका, ज्या वर्षीची भरती त्या वर्षीची जाहिरात अक्षर न् अक्षर वाचा. महूला असताना मी पाहिलंय, १६०० मीटरमध्ये पहिला आलेला पोरगा मेडिकलला शर्ट काढला आणि छातीवर वाघ. रडत गेला बिचारा.

रामबागवाली

अग बाई, त्याच्या हाताच्या आतल्या बाजूला गणपती पण आहे, तो चालेल म्हणजे. बाप्पा बरोबर जागी बसलेत.

जुनी_वही

इतिहास विचारलात म्हणून लिहिते, लांबलं तर माफी.

सगळ्यात जुनी गोंदलेली कातडी जी आज डोळ्यांनी बघता येते ती आल्प्समध्ये बर्फात सापडलेल्या माणसाची, त्याला ओत्झी म्हणतात. १९९१ मध्ये डोंगर चढणाऱ्या जोडप्याला इटली-ऑस्ट्रियाच्या हद्दीवर दिसला, साधारण ५३०० वर्षांपूर्वीचा. त्याच्या अंगावर ६१ खुणा मोजल्यात आणि त्यात चित्र-बित्र काही नाही, नुसत्या रेघा आणि फुल्या, काजळीने भरलेल्या. आणि त्या कुठे आहेत तर कंबर, गुडघा, घोटा, म्हणजे जिथे त्याची हाडं झिजलेली निघाली तिथे. म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटतं की ते दुखण्यावरचं गोंदणं असावं. हे वाचलं तेव्हा मला आमच्या गावच्या म्हाताऱ्या आठवल्या, त्याही सांध्यावर गोंदून घ्यायच्या, वात जातो म्हणून. मध्ये ५००० वर्षं आणि अर्धी पृथ्वी, पण गुडघा तो गुडघाच.

इजिप्तच्या गेबेलीन गावच्या ममीही तेवढ्याच जुन्या, ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत, १०० वर्षं लोक बघत होते आणि दंडावर नुसता काळा डाग आहे समजत होते. २०१८ मध्ये इन्फ्रारेडने पाहिलं तर डाग म्हणजे रानबैल आणि रानमेंढा निघाला. दंडच बरं का, भाच्याला सांगा परंपरा जुनी आहे.

टॅटू हा शब्द मात्र अलीकडचा. १७६९ मध्ये कॅप्टन कुक ताहितीला गेला, तिथले लोक याला तातौ म्हणायचे, खलाशांनी तो शब्दही आणला आणि अंगावर नमुनेही आणले. मशीन त्याहून नंतरचं. एडिसनने १८७६ मध्ये कागदाला भोकं पाडून नकला काढायचं विजेचं पेन काढलं होतं, ते ऑफिसात फार काही चाललं नाही, पण न्यूयॉर्कच्या सॅम्युअल ओरायलीने तसल्याच युक्तीवर १८९१ मध्ये टॅटूच्या मशीनचं पेटंट घेतलं. म्हणजे भाच्याच्या दंडावर जे घर्रर्र फिरलं ते मुळात कारकुनी यंत्र.

संस्कृतीरक्षक_४५२

गोंदण आपली संस्कृती आहे आणि टॅटू पाश्चात्त्य फॅशन. दोन्ही एका पंगतीत बसवू नका. आपल्याकडे गोंदण पवित्र मानलं जायचं, सौभाग्याचं लेणं होतं.

जुनी_वही

लेणं होतंच, नाही कुठे म्हटलं? कपाळावर गोंदलेलं कुंकू, हातावर तुळस, सीतेची रसोई, विंचू, सगळं आहे. पण याच सुईने दुसरंही काम केलंय. कंपनी सरकारने बंगालमध्ये १७९७ च्या कायद्याने जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदायला सुरुवात केली आणि सरकारी कागदात त्याला शब्द आपलाच वापरला, गोदना. १८३० च्या दशकात जबलपूर-सागरकडे पकडलेल्या ठगांच्या तोंडावर ठग असं गोंदलं. हे १८४९ पर्यंत चाललं. कैदी मग काय करायचे, कपाळापर्यंत खाली फेटा बांधायचे. ग्रीक-रोमन लोकही गुलामांना आणि गुन्हेगारांना गोंदायचे, त्या खुणेला स्टिग्मा म्हणायचे, आणि ६ व्या शतकातल्या एटिअस नावाच्या वैद्याने शाईची कृती दिलीय आणि तिच्या शेजारीच ती खूण काढायची कृतीही दिलीय. म्हणजे काढून टाकायची इच्छा काही आजच्या पोरांनी शोधलेली नाही.

जपानमध्ये गुन्हेगारांना दंडावर पट्टे गोंदायचे, तर ते लोक त्यावर मोठं नक्षीकाम करून पट्टा लपवायचे. आता दुकानात कव्हर-अप म्हणून जे विकतात ते हेच. तिथे १८७२ ला सरकारने गोंदण्यावरच बंदी घातली, ती उठली १९४८ ला.

पवित्र-अपवित्र सुईत नसतं हो, सुई कोणाच्या हातात आहे त्यात असतं.

झाबुआ_रिटर्न

मी नोकरीत ११ वर्षं झाबुआ-अलीराजपूरकडे होतो म्हणून थोडं लिहितो. होळीच्या आधी भगोरियाचे हाट भरतात, तिथे गोदनेवाले बसलेले असायचे, पूर्वी सुया आता बॅटरीवरचं मशीन, समोर पत्र्यावर नमुने रंगवलेले, पोरी घोळक्याने यायच्या आणि एकीने हात पुढे केला की बाकीच्या तिचं तोंड बघून हसायच्या. भिलांच्या बायकांच्या डोळ्याच्या कडेला चिमणीच्या पायासारख्या रेघा असतात, त्यावरून कोण कुठली ते लांबून कळतं. एकच सुई सगळ्यांना आणि एका वाटीतली शाई, हे बघून मला मात्र घाम फुटायचा, कारण कावीळ बी आणि सी, एचआयव्ही सगळं त्याच वाटेने येतं. एकदा हिंमत करून बोललो तर तो म्हणाला मास्टरजी, तुमच्या शाळेत एका गिलासाने सगळी पोरं पाणी पितात ते आधी बघा. काय बोलणार.

खरं मोठं काम बैगा आदिवासींचं, डिंडोरी-मंडलाकडे. तिथल्या बायकांचं कपाळापासून पायापर्यंत टप्प्याटप्प्याने गोंदतात, मुलगी लहान असताना कपाळ, मग वयाप्रमाणे पाठ, हात, मांड्या. रामतिळाच्या तेलाची काजळी धरतात. गोंदणाऱ्या बायका वेगळ्या, त्यांचा तो धंदा, पावसाळा सोडून फिरतात. आता तिथल्या बायका तेच नमुने कॅनव्हासवर काढून विकतात, भोपाळच्या जनजातीय संग्रहालयात गेलात तर बघा. नव्या मुली अंगावर करून घेत नाहीत फारशा, कॉलेजात पोरं चिडवतात.

आणि छत्तीसगडचे रामनामी विसरू नका, १९ व्या शतकाच्या शेवटी मंदिरात येऊ देत नाहीत म्हणून या लोकांनी सगळ्या अंगावर राम राम गोंदून घेतलं. आता अडवा म्हणाव. पुजाऱ्याला देऊळ बंद करता येतं, कातडी कशी बंद करणार!

सयाजीबागेतला

बडोद्याहून. आमच्याकडे रबारी बायका दूध घालायला यायच्या, मान-गळा-हात सगळा ठिपक्यांनी भरलेला, त्याला त्राजवां म्हणतात. लहानपणी मला वाटायचं की ती त्यांची ब्लाउजची बाही आहे. एकदा विचारलं तर म्हणाली दागिने चोर नेतो, हे कोण नेणार. तुमच्या आजी म्हणाल्या तेच थोडक्यात.

माझा प्रश्न, त्या ठिपक्यांचा रंग हिरवा का दिसतो? आजींचाही हिरवा असेल ना?

कातडीबचाव

हिरव्याचं आधी सांगतो कारण यातच पुढची गंमत आहे. (मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, इंदूरचाच, पण इथे माझ्या दवाखान्याची जाहिरात करणार नाही, निरोपही पाठवू नका.)

आजींचं गोंदण बहुतेक काळंच आहे. दिव्याची काजळी म्हणजे कार्बन. तो वरच्या कातडीत नसतो, खालच्या थरात, साधारण एक-दीड मिलिमीटर खोल बसलेला असतो आणि वरच्या थरातून बघताना काळा रंग निळसर-हिरवा दिसतो, जशी हातावरची शीर हिरवी दिसते तसं. वरची कातडी महिन्याभरात झडून नवी येते पण हे खाली असल्यामुळे राहतं.

आता राहतं म्हणजे कसं. सुई टोचली की शरीराला वाटतं हल्ला झाला, मग सफाई करणाऱ्या पेशी धावत येतात आणि शाईचे कण गिळतात. पण गिळलेलं पचवता येत नाही. मग ती पेशी शाई पोटात घेऊन तिथेच बसते. ती मेली की शाई सांडते आणि शेजारची नवी पेशी ती पुन्हा गिळते. २०१८ मध्ये फ्रान्समध्ये मार्सेच्या लोकांनी उंदरांच्या शेपट्या गोंदून हे दाखवलंय. म्हणजे आजींच्या हातावरची तुळस ८० वर्षं एकाच जागी नाही, ती एका हातातून दुसऱ्या हातात देत देत इथपर्यंत आलीय, वारीतल्या पालखीसारखी. आणि थोडी थोडी शाई निसटते, म्हणून जुनं गोंदण फिकं आणि पसरलेलं दिसतं.

लेसर काय करतो तर त्या कणांचे तुकडे करतो. सेकंदाचा अब्जावा हिस्सा म्हणजे नॅनोसेकंद, तसल्या पाच-दहा नॅनोसेकंदात प्रकाशाचा तडाखा, कण एकदम तापतो आणि फुटतो, आजूबाजूच्या मांसाला तापायला वेळच मिळत नाही. ही कल्पना १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश या दोघांनी नीट मांडली, त्याआधी १९६० च्या दशकात लिऑन गोल्डमनने रुबी लेसर टॅटूवर मारून पाहिला होता. बारीक झालेले तुकडे मग त्याच पेशी उचलतात आणि लसिकाग्रंथीकडे नेतात. लोकांना वाटतं लेसरने शाई उडून जाते. उडत नाही, झाडतो आम्ही पण कचरा शरीरच उचलतं, आणि त्याला वेळ लागतो. म्हणून दोन सिटिंगमध्ये ६ ते ८ आठवडे ठेवावे लागतात. जो दर १५ दिवसांनी बोलावतो त्याच्याकडे जाऊ नका.

रामबागवाली

डॉक्टरसाहेब, वारीच्या पालखीपर्यंत आजींना वाचून दाखवलं, त्यांनी हात डोळ्यासमोर धरून बराच वेळ बघितला. मग भाच्याचं काय ते सांगा, तो मागे उभा आहे.

कातडीबचाव

भाच्याची केस आता. ऐका.

काळं अक्षर जाईल, त्याला १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा एनडी याग नावाचा लेसर, आपल्या सावळ्या कातडीला तोच सगळ्यात सुरक्षित कारण कातडीचा स्वतःचा रंग तो कमी शोषतो. लाल बदामाला त्याच मशीनची ५३२ ची हिरवी किरणं लागतात, त्यात सावळ्या कातडीवर डाग पडायची भीती जास्त, म्हणून जपून. आणि हिरवी पानं ही खरी डोकेदुखी, त्यांना ७५५ किंवा ६९४ वाला वेगळा लेसर लागतो, तो प्रत्येक ठिकाणी नसतो. गंमत बघा, आजींचं हिरवं दिसणारं गोंदण काजळीचं म्हणून सहज जाईल आणि याचं खरं हिरवं हट्टाने बसेल. मशीनवाल्याने दाट भरलेला रंगीत टॅटू असेल तर ८-१० सिटिंग धरून चाला, कधी त्याहून जास्त. घरगुती सुईने केलेलं असेल तर त्यात शाई कमी असते, लवकर जातं. पिको नावाचे लेसर २०१२ च्या शेवटी बाजारात आले, त्यांचा तडाखा आणखी छोटा असतो, काही रंगांत फरक पडतो पण जादू नाही आणि महाग.

चार महिन्यांत दोन, फार तर तीन सिटिंग होतात. फिकं होईल. जाणार नाही. हे मी त्याला तोंडावर सांगितलं असतं म्हणून इथेही सांगतो.

दुसरा मार्ग कापून काढणं. छोटा टॅटू असेल तर तेवढी कातडी कापून टाके घालतात, एका दिवसात काम, पण चार बोटं रुंद दंडावर म्हणजे लांब व्रण राहणार आणि दंडावर-खांद्यावर आपल्याकडे व्रण फुगायची सवय असते. मी तरी नाही म्हणेन. कातडी घासून काढणं, मीठ चोळणं, अ‍ॅसिड लावणं ही सगळी जुनी पद्धत, टॅटूच्या जागी भाजल्याचा डाग येतो.

आणि सिगारेट ओढत असेल तर बंद कर म्हणाव, ओढणाऱ्यांचं लेसरने फार उशिरा जातं, इटलीत ३५२ लोकांवर केलेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलंय.

रामबागवाली

तो म्हणतो ओढत नाही. मागे उभा होता तो आता मागे उभा नाहीये.

मुरारकर

ग्वाल्हेर. माझा अनुभव लिहितो. आमचा मेळा सगळ्यांना माहीत आहेच, माधवराव शिंद्यांनी १९०५ ला सुरू केलेला, तिथे कॉलेजात असताना झुल्यावरून उतरल्यावर डोकं गरगरत असतानाच मानेवर ड्रॅगन काढून घेतला, मित्राने पैसे दिले म्हणून. घरी आल्यावर वडील म्हणाले ही पाल कुठून आली. तेव्हापासून घरात सगळे पालच म्हणतात. शेवटी नोकरीच्या इंटरव्ह्यूला कॉलरच्या वर शेपूट दिसायला लागली म्हणून काढायला गेलो.

दुखतं. जे म्हणतात मुंगी चावल्यासारखं वाटतं त्यांना कोणत्या मुंग्या चावल्या मला माहीत नाही. गरम तेलाचे थेंब उडावेत तसं, आणि वरून आवाज, फटाक्यांची लड लावल्यासारखा तड तड तड. पण भूल देणारं मलम लावतात तासभर आधी, आणि प्रत्यक्ष काम पाच मिनिटांत संपतं. मारल्या मारल्या कातडी पांढरी होते, खडूने गिरवल्यासारखी, मला वाटलं झालं गेला, आनंदाने फोटो काढला. अर्ध्या तासात पांढरं गेलं आणि पाल परत हजर. डॉक्टर हसले, म्हणाले तो फक्त वाफेचा फेस असतो. मग सूज, दोन-तीन दिवस फोड, खपली. खपली काढायची नाही, उन्हात जायचं नाही, सनस्क्रीन. ग्वाल्हेरच्या मे महिन्यात उन्हात जायचं नाही म्हणजे घरातच राहायचं.

७ सिटिंग झाल्या, मला एकेकीचे साडेतीन हजार पडले, सव्वा वर्ष गेलं. काळं सगळं गेलं. पालीचा डोळा हिरवा होता तो अजून आहे. नुसता डोळा. रात्री सलूनमध्ये मागून आरसा दाखवतात तेव्हा तो माझ्याकडे बघतो.

जीव_भांड्यात

माझं ऐका आणि शहाणे व्हा. मी ऑनलाइन क्रीम मागवली होती, टॅटू रिमूव्हर, ब्रँडचं नाव लिहीत नाही. वापरून दोन दिवसांत जागा लाल, चौथ्या दिवशी पाणी यायला लागलं, आता मनगटावर रुपयाएवढा फुगलेला डाग आहे आणि त्याच्या आत ते फुलपाखरू अजून दिसतं, फक्त आता ते आजारी दिसतं. नंतर कळलं की त्यात कातडी जाळणारं अ‍ॅसिड असतं.

आणखी एक, भुवयांना आणि ओठांना जे कायमचं रंगवतात ना पार्लरमध्ये, त्यावर लेसर मारायच्या आधी डॉक्टरला सांगायचं. माझ्या जावेच्या ओठांवर मारलं तर गुलाबी होतं ते काळं पडलं.

कातडीबचाव

बरोबर लिहिलंत. त्या रंगांत लोखंडाचा गंज आणि टायटॅनियम असतं, लेसरने ते काळं पडतं. म्हणून आधी एका कोपऱ्यात ठिपका मारून बघतात. हा नियम भाच्याच्या लाल बदामालाही लागू.

रामबागवाली

मंडळी, आज वेगळंच काहीतरी निघालं म्हणून परत लिहितेय, थोडं विषय सोडून होईल.

क्रीमचा किस्सा आजींना वाचून दाखवला. त्या म्हणाल्या आमच्या वेळी क्रीम कुठली, बिब्बा लावायचे. मी विचारलं कोणाला लावला? तर त्यांनी पदर बाजूला करून डाव्या हाताची आतली बाजू दाखवली. १९ वर्षं या घरात आहे मी, तो हात कधी उलटा बघितला नव्हता. तिथे चुरगळलेल्या कागदासारखी कातडी आहे, मला आधी भाजल्याचं वाटलं. नीट पाहिलं तर त्यात अक्षरं आहेत. वछला.

त्यांचं माहेरचं नाव वत्सला. सहा वर्षांच्या असताना उज्जैनला सिंहस्थाला नेलं होतं आणि गर्दीत पोर हरवली तर कळावं म्हणून आदल्या दिवशी हातावर नाव गोंदवलं. वडिलांनी नाव सांगितलं, कोणीतरी काडीने काढून दिलं, गोंदणारीला वाचता येत नव्हतं, तिने जे काढलं होतं ते टोचलं. वत्सलाची झाली वछला. पुढे लग्न झालं, सासरी तांदळात नाव बदललं, रमा. आम्ही सगळे रमाआजीच म्हणतो, आधार कार्डावर रमा, बँकेत रमा. सासूला ते हातावरचं नाव डोळ्यात खुपायचं, लोक वाचतात, सुनेचं नाव वेगळंच कसं. म्हणून एका उन्हाळ्यात बिब्ब्याचं तेल लावलं. आठ दिवस ताप होता म्हणाल्या. पोळ्या तरीही केल्या, एका हाताने.

नाव गेलं नाही. कातडी गेली.

आता आमच्या घरात कोणी त्यांना वत्सला म्हटल्याचं कोणाच्या आठवणीत नाही. भावंडं सगळी गेली. फक्त त्या हातावर आहे, तेही चुकीचं लिहिलेलं.

पोहे_विथ_जीरावण

...

मी वरचा विनोद मागे घेतो.

कातडीबचाव

बिब्बा म्हणजे हिंदीतला भिलावा, धोबी कपड्यांवर खूण करायला वापरायचे, त्याचा रस अंगाला लागला की फोडच येतात. बिब्बा घालणे हा वाक्प्रचार उगाच नाही आला. आत खोल बसलेली शाई त्याला पोचत नाही, तो वरूनच जाळतो. आजींना माझा नमस्कार सांगा. कोणाचा ते सांगायची गरज नाही, पण वत्सलाआजींना म्हणून सांगा.

झाबुआ_रिटर्न

मेळ्यात हरवू नये म्हणून नाव गोंदवणं आमच्याही घरी होतं. वडिलांच्या हातावर नाव आणि गाव दोन्ही होतं. गाव नंतर धरणात गेलं.

निवृत्त_सुभेदार

भाच्याला सांगा, १९ चाच आहे, वयाच्या मर्यादेला अजून वेळ आहे. या वर्षी घाई करू नको, लेसर सुरू कर, धावणं सुरू ठेव, पुढच्या वर्षी अर्ज भर. अर्धवट फिका टॅटू घेऊन मेडिकलला उभं राहण्यात अर्थ नाही.

रामबागवाली

अपडेट. सुभेदारसाहेबांचं ऐकलं. भाच्याने या वर्षीचा नाद सोडला, बहिणीला पण सांगून टाकलं (मी सांगितलं, फोन कानापासून लांब धरून). काल पहिली सिटिंग झाली. तो ठिपका मारून बघायचा प्रकार पण केला, लाल रंग काळा नाही पडला, नशीब. हिरव्या पानांचं मशीन त्यांच्याकडे नाही, ते शेवटी बघू म्हणाले. तड तड आवाज झाला तेव्हा आमचा होणारा जवान खुर्चीचा हात धरून डोळे मिटून बसला होता आणि मुरारकरांनी सांगितलं होतं तसं सगळं नाव पांढरं झालं, आणि घरी येईपर्यंत परत काळं.

आजी पण आल्या होत्या बरोबर, हट्टाने, काठी घेऊन, लिफ्ट बंद होती तर दोन मजले चढून. भाच्याचं झाल्यावर डॉक्टरांनी सहज त्यांचा हात हातात घेऊन बघितला, कातडीवरून अंगठा फिरवला, म्हणाले आजी तुमचं काजळीचं आहे, व्रण आहे म्हणून वेळ लागेल पण निघेल, काढायचंय का? मला वाटलं आता या चिडतात. तर त्यांनी विचारलं, सगळं नको, फक्त मधलं अक्षर निघतं का, छ चं त्स करून पाहिजे.

डॉक्टर म्हणाले मी नुसतं खोडतो, लिहायचं काम शेजारच्या दुकानात.

भाच्याने तिथेच मोबाइल काढून शेजारच्या दुकानवाल्याला फोन लावला, त्याने सांगितलं व्रणावर सुई धरत नाही नीट, शाई पसरते, आणि ८६ वर्षांच्या बाईला तो करणार नाही. आजी म्हणाल्या बरं, मग राहू दे, चुकीचं तर चुकीचं. परत येताना सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, गराडू (तळलेला कंद) खाल्ले. भाचा त्यांना आता वछलाआजी म्हणतोय, त्या ओ देतात.

मुरारकर

माझ्या पालीच्या डोळ्यासाठी ते ७५५ वालं मशीन इंदूरला कुठे आहे का कोणी सांगेल का? ग्वाल्हेरहून रात्रीच्या गाडीने येतो.

कातडीबचाव

आहे. येण्याआधी चार आठवडे मानेला ऊन लागू देऊ नका, आणि आधीच्या सातही सिटिंगचे कागद घेऊन या.

सयाजीबागेतला

सराफ्यात गराडू आत्ता मिळतात? या सीझनला?

रामबागवाली

थंडी सुरू झाली ना भाऊ. या.